रस्ता, घाट आणि ट्रॅकसाठी परफॉर्मन्स ब्रेक पॅड : काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पार्टच्या काउंटरवर पॅड मागायला दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक जण झिजलेला पॅड पेपरात गुंडाळून आणतो आणि 'असलाच द्या' म्हणतो. दुसरा मोबाईल पुढं करतो : "मालक, हा रेसिंगचा पॅड मिळंल काय?" पहिल्याला दोन मिनिटं लागतात. दुसऱ्याशी चहा मागवून बोलावं लागतं. त्या चहावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथं एकत्र लिहून ठेवलेत.

गाडी फक्त रस्त्यावर चालते. परफॉर्मन्स पॅड घातला तर गाडी कमी अंतरात थांबेल का?

बहुतेक वेळा नाही. पार्ट विकणाऱ्यानं हे सांगू नये असं म्हणतात, पण खरं तेच आहे.

रिकाम्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर, मागं कुणी नाही हे बघून, साठच्या वेगात एकदा ब्रेक पूर्ण दाबा. पायाखाली पेडल थरथरलं, म्हणजे एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू झालं, की तुमच्या कंपनीच्या साध्या पॅडनं चाकाला जितकं धरता येतं तितकं धरलंय. पुढचं काम टायरचं. पॅड दुप्पट महागाचा घातला तरी टायर डांबराला जेवढा चिकटतो त्यापेक्षा गाडी लवकर थांबणार नाही. टायर चार-पाच वर्षांचे, कडक झालेले असतील तर पॅडचे पैसे तिकडं घाला.

जिथं फरक पडतो ती गोष्ट वेगळी आहे : पहिल्या ब्रेकला नव्हे, पाचव्या, दहाव्या, विसाव्या ब्रेकला.

मग विसाव्या ब्रेकला नेमकं काय होतं?

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. माणसांसकट १२०० किलोची गाडी १०० च्या वेगावरून थांबवली की साधारण ४६३ किलोज्यूल उष्णता तयार होते. १४० वरून थांबवली तर ९०७. वेग दीडपटही वाढला नाही, पण उष्णता जवळजवळ दुप्पट झाली, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. यातली मोठी वाटणी पुढच्या दोन डिस्कवर (पॅड ज्या फिरत्या चकतीला चिमटतात ती) पडते, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढं झुकतो.

गावात हिंडताना डिस्क शंभर-दोनशे अंशांपर्यंत तापते आणि पुढच्या सिग्नलपर्यंत निवते. ट्रॅकवर निवायला वेळच मिळत नाही. चार-पाच लॅपमध्ये, म्हणजे फेऱ्यांत, पुढची डिस्क पाचशे-सहाशे अंशांवर जाऊ शकते. शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. डिस्क बिडाचीच असते आणि बीड त्या तापमानाला अंधारात मंद लाल दिसायला लागतं. साध्या पॅडचा माल धरून ठेवणारं रेझिन त्याआधीच करपून वायू सोडू लागतं, पॅडची पकड जाते. ट्रॅकचा पॅड या तापासाठीच बनवलेला असतो.

मग ट्रॅकचाच पॅड कायमचा घालून टाकला तर?

हे मी करून बघितलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवरून आलो होतो. पॅड बदलायचा कंटाळा केला. ट्रॅकवरचे पॅड तसेच ठेवून आठवडाभर गाडी चालवली. डिसेंबर, पहाटेचे साडेपाच, हुपरी रस्ता. कारखाने जोरात चालू. धुक्यात पुढं उसाची ट्रॉली, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. मी ब्रेक दाबला आणि गाडी जशी चालली होती तशीच चालत राहिली. पेडल दगडासारखं घट्ट, पण चाकाला काही लागतच नव्हतं. दोन्ही पाय द्यावे लागले. शेवटी ट्रॉलीच्या उजवीकडून गाडी काढली. समोरून कुणी आलं नाही हे नशीब.

पॅड खराब नव्हता. तो थंड होता. शर्यतीच्या कंपाउंडला, म्हणजे पॅडच्या मालाला, पकड यायला आधी ताप लागतो. काहींना दीडशे, काहींना दोनशे अंशांच्या पुढं. पहाटे घरातून निघाल्यावर पहिल्या ब्रेकला तो ताप कुठून आणणार?

आपल्याकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रस्त्यावर ट्रॉल्या असतात. आडव्या म्हशी, उलट्या बाजूनं येणारी मोपेड वर्षभर. कोल्हापुरातला सगळ्यात महत्त्वाचा ब्रेक हा थंड पॅडवर मारलेला पहिला ब्रेक असतो. म्हणून कुणी पॅडचं नाव घेतलं की मी आधी एवढंच विचारतो : थंडीत पहिल्या दाबाला कसा लागतो? 'किती अंशांपर्यंत टिकतो' हा दुसरा प्रश्न.

आम्ही गगनबावड्याला, आंब्याला जातो. घाटासाठी वेगळा पॅड लागतो का?

घाटाचा हिशेब लोकांना दिसत नाही, कारण वेग कमी असतो. पण गाडी नुसती उतरते तेव्हाही वजन खाली येतं आणि ती ऊर्जा कुठंतरी जायलाच हवी. तीच १२०० किलोची गाडी उभ्या रेषेत १०० मीटर खाली आली की सुमारे ११७७ किलोज्यूल. म्हणजे शंभरच्या वेगावरून अडीच वेळा गाडी थांबवल्यासारखं. करूळ घाट किंवा आंबा घाट न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरणारा माणूस वीसच्या वेगात ट्रॅक डे (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस) करत असतो.

खाली पोचल्यावर करपट वास येतो, अलॉयचं चाक हाताला चटका देतं. मग माणूस सोमवारी काउंटरवर येऊन 'पॅड चांगले नाहीत' म्हणतो. त्याला पॅड नको असतो, दुसरा गिअर हवा असतो. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्यात किंवा त्याच्या एक खालच्यात उतरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी नीट दाबा, वेग उतरवा, सोडून द्या. मधल्या वेळात डिस्कला वारा लागू द्या.

एवढं करूनही, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली आणि महिन्यातून दोनदा कोकण, अशी चाल असेल तर रस्त्यासाठीचाच पण वरच्या तापाला टिकणारा पॅड घालायला हरकत नाही. ट्रॅकचा नव्हे.

रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला एकच पॅड चालेल असा काही नाहीच का?

मधला वर्ग आहे. ईबीसीचा यलोस्टफ, फेरोडोचा डीएस २५०० ही नावं तुम्ही ऐकली असतील. थंडीतही बऱ्यापैकी लागतात आणि साध्या पॅडपेक्षा बराच जास्त ताप सोसतात. डीएस २५०० चा घर्षणांक (पकडीचं माप) कंपनी सरासरी ०.४२ सांगते.

वर्षातून एक-दोन ट्रॅक डे, हलकी हॅचबॅक, पंधरा मिनिटांची सत्रं, एवढ्याला हा वर्ग पुरतो. त्या बदल्यात आवाज येतो, चाकं काळी होतात आणि डिस्क जरा लवकर झिजते. घरच्यांना गाडी चालवायला देणार असाल तर आवाजाचं आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला.

गाडी जड आणि ताकदीची असेल, ऑक्टेव्हिया आरएससारखी, आणि बुद्ध सर्किटवर न्यायची असेल, तर मधला वर्ग विसरा. ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक, त्यात एक किलोमीटरपेक्षा लांब सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला जोरदार ब्रेक. तिथं ट्रॅकचे पॅड वेगळे न्या आणि तिथंच बदला. करीसारख्या २.१ किलोमीटरच्या छोट्या ट्रॅकवर वेग कमी असतो, पण वळणं लागोपाठ येतात म्हणून डिस्क निवत नाही. चेन्नईजवळच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर तिथल्या उन्हाची भर पडते.

ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक, सिरॅमिक. यातलं चांगलं कोणतं?

नावावरून पॅड घेणं म्हणजे 'तिखट द्या' म्हणून चटणी घेण्यासारखं. एकाच नावाखाली दहा चवी.

ढोबळ सांगायचं तर ऑरगॅनिक मऊ, शांत, थंडीत चांगला, तापला की लवकर हात टेकतो. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचे तंतू आणि भुकटी भरपूर असते. ताप सोसतो, पण आवाज करतो आणि डिस्क खातो. सिरॅमिक म्हणून रस्त्याच्या गाड्यांना विकला जाणारा पॅड स्वच्छ आणि शांत असतो, म्हणून लोक आवडीनं घेतात, पण 'सिरॅमिक' या शब्दावरून तो शर्यतीचा समजू नये. महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये असते ती सिरॅमिक डिस्क, तिचा या पॅडशी संबंध नाही.

पॅडच्या कडेला एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं छापलेली असतात. ती काय?

घर्षणांकाचा गट. पहिलं अक्षर सौम्य तापमानाला, दुसरं तापल्यावर. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिल्यापेक्षा दुसरं अक्षर खालच्या गटाचं, म्हणजे जीएफसारखं, असेल तर तापल्यावर पकड कमी होते, एवढं कळतं. ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर होते, तुमच्या गाडीवर नव्हे, आणि सहाशे अंशांना काय होईल हे ती सांगत नाही. नुसत्या अक्षरांवर ट्रॅकचा पॅड निवडू नका. कंपनीनं दिलेला तापमान-घर्षणाचा आलेख मागा. तो उजवीकडं कुठपर्यंत जातो हे सगळे बघतात. तुम्ही डावीकडं, म्हणजे थंडीत, कुठून सुरू होतो ते बघा.

कोणत्या कंपनीचा घेऊ?

रोजच्या गाडीला गाडीच्या कंपनीचा किंवा ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश, ब्रेम्बो यांचा, पार्ट नंबर जुळवून. ट्रॅकसाठी तुमच्याच मॉडेलची गाडी तिथं नेणाऱ्या दोघा-तिघांना विचारा. दुकानदाराला, म्हणजे मलासुद्धा, शेवटी विचारा.

फेरोडोचं नाव निघालंच आहे तर एक गंमत. १८९७ च्या सुमारास इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं ब्रेकच्या घर्षणाच्या मालाचा धंदा सुरू केला. उतारावर गाडीवान जुन्या बुटाचं कातडं चाकाला लावून गाडी आवरतात हे त्यानं बघितलं आणि त्यावरून कल्पना सुचली, असं सांगतात. त्याच्या आडनावातली अक्षरं उलटसुलट करून, एक जादा घालून 'फेरोडो' झालं. कातड्याच्या चपलेवर नाव कमावलेल्या गावात हे कुणाला सुचलं नाही याची मला अधूनमधून हळहळ वाटते.

नकली डबे बाजारात भरपूर आहेत. भाव फारच कमी, छपाई फिकट, पॅडच्या पाठीवर बॅच नंबर नाही, असा माल परत द्या. ब्रेकमध्ये घासाघीस करून वाचवलेले पैसे बंपरला लागतात.

ट्रॅकवर पेडल एकदम खाली गेलं. पॅड गेले का?

नाही, ब्रेक ऑइल उकळलं. ट्रॅकच्या पहिल्या दिवशी बहुतेकांचं हेच होतं.

दोन गोष्टी पायानं ओळखायला शिका. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅडनं हात टेकले. पेडल मऊ, स्पंजासारखं, किंवा थेट खाली जातंय, तर ऑइलमध्ये वाफ झाली. वाफ दबते, ऑइल दबत नाही. तुमच्या पायाचा जोर वाफ दाबण्यात संपतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो एका वळणाआधी ठीक असतो आणि पुढच्या वळणाला नसतो. पेडल मऊ लागलं की पटापट दोन-तीनदा पंप करा, गिअर उतरवा, सावकाश पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) या.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ही ऑइलची दर्जावारी. डॉट ४ चा उकळबिंदू नव्या ऑइलला किमान २३० अंश हवा असतो. ३.७ टक्के पाणी शिरल्यावर किमान १५५ राहिला तरी ते प्रमाणात बसतं. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०. गगनबावड्याच्या पावसात दोन-तीन हंगाम काढलेल्या गाडीचं ऑइल कुठल्या टोकाला असेल ते तुम्हीच बघा. मोतुल आरबीएफ ६०० सारखं शर्यतीचं ऑइल नवं असताना ३१२ अंशांपर्यंत उकळत नाही, पण तेही पाणी ओढतंच, म्हणून ते घालून दोन वर्षं विसरायचं नसतं. ट्रॅकला जाण्याआधी नवं, सीलबंद डब्यातलं ऑइल, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा नीट काढून. शेल्फवर वर्षभर उघडा राहिलेला अर्धा डबा फेकून द्या.

डॉट ५ म्हणजे डॉट ५.१ नव्हे. तो सिलिकॉनचा असतो, साध्या ऑइलमध्ये मिसळायचा नाही आणि एबीएसच्या गाडीत घालायचा नाही.

पैसे एकाच गोष्टीचे असतील तर पॅड ठेवा, ऑइल बदला.

नवे पॅड घातल्यावर 'बेडिंग' करा म्हणतात. नाही केलं तर?

घरात बिडाचा नवा तवा आणला की पहिले चार घावन चिकटतात. तेल लावून तापवत राहिलं की तवा मुरतो, मग काही चिकटत नाही. डिस्कही बिडाचीच. बेडिंगमध्ये पॅडच्या मालाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसवायचा असतो. पुढची पकड बरीचशी त्या थरावर अवलंबून असते. शिवाय नव्या पॅडमधलं रेझिन पहिल्यांदा तापताना वायू सोडतं आणि तो पॅडला डिस्कवरून उचलून धरतो. तो पहिला ताप शर्यतीत यायला नको.

पद्धत पॅडबरोबरच्या कागदावर असते, तीच पाळा. साधारण चाल अशी : मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा जोरात वेग उतरवायचा, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही. मग पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून निववायचं. तापलेल्या पॅडनं डिस्क दाबून उभं राहिलात की त्या जागी पॅडचा ठसा उमटतो, तो पुढं महिनोन्‌महिने पेडलमधून कळतो. हे हायवेवर करू नका. पहाटे, रिकामा सरळ रस्ता, मागं-पुढं कुणी नाही. वासाला घाबरू नका.

पॅडचा प्रकार बदलला की जुना थर नव्याला मानवत नाही. ट्रॅकला वारंवार जाणारे म्हणून पॅड-डिस्कची जोडी वेगळी ठेवतात आणि कुठला पॅड कुठल्या चाकाचा हे मागं खडूनं लिहितात.

डिस्क वाकली म्हणून ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतंय. लेथला घासून घेऊ?

दहातल्या बऱ्याच वेळा डिस्क वाकलेली नसते. वर सांगितलेला ठसा असतो, किंवा हबवर (डिस्क ज्यावर बसते तो भाग) गंज साचून डिस्क तिरकी बसलेली असते. आधी हब साफ करा, पुन्हा बेडिंग करून बघा. तरी राहिलं तर उद्यमनगरात लेथ काय कमी आहेत! पण डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, घासून त्याच्या खाली जात असेल तर नवी डिस्क घ्या. पातळ डिस्कमध्ये उष्णता साठवायला बीडच उरत नाही.

फक्त पुढचे पॅड बदलले तर चालतील?

स्विफ्ट, पोलो, सिटी अशा बऱ्याच गाड्यांना मागं ड्रमच आहेत, त्यामुळं बहुतेकांचे पुढचेच बदलले जातात. मधल्या वर्गाचा पॅड असेल तर चालतं. पण पुढं फार चावणारा पॅड घातला आणि मागं ड्रममधले साधे शू ठेवले, की पुढचं चाक लवकर लॉक होऊ लागतं, एबीएस लवकर येतं आणि मागची चाकं आपला वाटा उचलतच नाहीत. पैसे घालून गाडी उशिरा थांबायला लागली असं होऊ शकतं. उलटं, म्हणजे मागं जास्त चावणारा पॅड, कधीच करू नका. गाडी गरकन फिरते.

भोकाची किंवा खाचांची डिस्क घेऊ का?

दिसायला छान. ट्रॅकवर भोकांपासून तडे जातात. खाचांच्या चालतात. साध्या, हवा खेळणाऱ्या डिस्कमध्ये काही खोट नाही.

किती मिलिमीटर उरल्यावर बदलायचे?

रस्त्यावर ३ मिलिमीटर उरले की. ट्रॅकला जायचं असेल तर निम्मे झिजलेले पॅड घेऊन जाऊ नका. पॅडचा माल हाच डिस्क आणि पॅड दाबणारा पिस्टन यांच्यामधला आडोसा आहे. तो पातळ झाला की उष्णता थेट पिस्टनला आणि तिथून ऑइलला. पातळ पॅड झिजतोही झपाट्यानं. सकाळी ठीक वाटलेला दुपारी पाठीच्या पत्र्यावर आलेला मी बघितलाय.

गॅरेजवाला हवा मारून ब्रेक साफ करतो. बरोबर आहे का?

नाही. त्याला थांबवा. ती धूळ फुप्फुसात जायची नसते, आणि जुन्या किंवा बिननावाच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनरनं भिजवून पुसा. सोबत स्लाइड पिन (ज्यांवर ब्रेकचं कॅलिपर सरकतं त्या) काढून ग्रीस लावायला सांगा. एका बाजूचा पॅड जास्त झिजण्याचं कारण बहुधा तिथं अडकलेलं असतं.

गाडी धुतल्यावर दुसऱ्या दिवशी ब्रेक खरखरतो.

डिस्कवर गंज आलाय. दोन ब्रेकमध्ये जातो. लोखंड जास्त असलेल्या पॅडची धूळ मात्र अलॉयवर ओली राहिली तर तांबडे डाग धरते आणि ते मग निघत नाहीत. पावसाळ्यात आठवड्याला चाकं धुवा.

बाईकसाठी?

३९० ड्यूकसारख्या बाईकला सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून केलेले) पॅड मिळतात. पावसात आणि तापात चांगले, डिस्कला जरा कडक. पण डिस्क त्या पॅडला चालते का हे आधी बघा. बाईकवर पहिल्याच दाबाला फार चावणारा पॅड पन्हाळ्याच्या ओल्या वळणावर पुढचं चाक काढून घेतो.

कार्टिंग करतो, तिथला अनुभव इथं उपयोगी पडतो का?

पायाला पडतो. आपल्या गावात मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथं झाल्यात. साध्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला असतो, एबीएस नसतं. वळणात उशिरा दाबला की कार्ट फिरते. सरळ रेषेत दाबायचा, मग वळायचं, हे तिथं आपल्या गाडीचे टायर न झिजवता शिकता येतं.

ट्रॅकचं सत्र संपल्यावर काय करायचं?

शेवटची लॅप सावकाश, ब्रेक जवळजवळ न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. मागं डिस्क असेल तर तापलेला पॅड तिथंच चिकटतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकाखाली दगड. चाकाचे नट थंड झाल्यावर टॉर्क पान्यानं बघा. मग परतीच्या रस्त्याला लागण्याआधी, कितीही दमला असाल तरी, रस्त्याचे पॅड परत घाला आणि पेडल घट्ट होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. पिस्टन मागं ढकललेले असतात. हे विसरलेली एक गाडी पॅडॉकमधून (ट्रॅकवरच्या गाड्या लावायच्या जागेतून) निघून समोरच्या टेम्पोवर गेली. ती माझीच होती, वेग चालण्याइतका होता, आणि टेम्पोवाल्यानं चहा पाजून सोडलं.